फक्त घर ते ऑफिस

रंगाचा भरलेला डबा बोटाने ठोकला की ठप् वाजतो, रिकामा ठण् वाजतो. मागच्या रांगेत रिकामे डबे मांडून पुढे भरलेले लावले की कपाट गच्च दिसतं, हे दुकानदारांना ठाऊक होतं आणि मोजणीबाईला त्यांच्याही आधीपासून ठाऊक होतं. बाजारात तिला हेच नाव पडलं होतं. मोठ्या कंपन्या आपला माल दुकानांत विकायला ठेवतात आणि विकला जाईपर्यंत तो माल कंपनीचाच असतो. तो खरोखर जागेवर आहे की दुकानदाराने परस्पर फुंकून टाकलाय, हे न कळवता जाऊन मोजायचं, हे तिचं काम. आज रंग, उद्या फरशा, परवा नळ. शिडी दुकानदाराची, खडू तिचा. मोजलेल्या डब्याच्या बुडाला ती खडूने एक बारीक फुली मारायची, म्हणजे तोच डबा फिरून दुसऱ्यांदा मोजला जात नाही.

त्या दिवशी रंगवाल्याच्या दुकानात तिने एक डबा उलटा केला, तर बुडाला फुली आधीच हजर.

फुली हिरवी होती. आज तिच्या हातात पांढरा खडू होता. हिरवा तिने मागच्या आठवड्यात वापरला होता, पांढरा संपला म्हणून, आणि तोही शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात. म्हणजे तिकडचा डबा उसना म्हणून इकडे आला होता. डबे काही आपण होऊन चालत येत नाहीत. बाई येणार आहे, हे रंगवाल्याला आधीच कळलं होतं.

"काही घोळ आहे का बाई?" रंगवाल्याने विचारलं. चेहरा हसरा होता. जरा जास्तच हसरा.

"घोळ कसला," ती म्हणाली. डबा जागेवर ठेवला आणि आपल्या कागदावर तो बाजूला टिपून घेतला.

गल्ल्याशेजारी तिच्यासाठी चहा ठेवलेला होता. त्यातून वाफ येत होती आणि हेच तिला सगळ्यात जास्त खटकलं. अचानक टपकलेल्या माणसाला कुणी इतका वेळेवर चहा देत नाही. तिने कपाला हात लावला नाही.

आता रंगवाला अगदीच परका नव्हता. तिच्या धाकट्या दिराचा तो साडू. लग्नकार्यात दोघं एकमेकांना नमस्कार करत, मुलांची चौकशी करत. पण त्याचं दुकान आजवर दुसऱ्या कुणाच्या वाट्याला होतं, तिच्याकडे ते या महिन्यात पहिल्यांदाच आलं. साहेबांनी नातं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लग्नात भेटता ना? मग लग्नातच नातेवाईक. दुकानात मोजणी." काल संध्याकाळी ऑफिसातून निघताना त्यांनी दुकानाचं नाव तिला सांगितलं होतं. नियम असा की ते नाव तिथून पुढे कुणालाही सांगायचं नाही. मैत्रिणीला नाही, नवऱ्याला नाही, देवालाही नाही, असं साहेब पहिल्या दिवशी म्हणाले होते, आणि ती तो नियम डोळ्यांत तेल घालून पाळत आली होती.

मग फुटलं कुठून?

गाडी काढताना तिला आठवलं आणि किल्ली हातातच राहिली. काल संध्याकाळी दिराचा फोन आला होता.

दीर विम्याचा एजंट. तिच्या गाडीचा विमा या आठवड्याच्या शेवटी संपत होता, म्हणून तो म्हणाला होता, "वहिनी, डॅशबोर्डचा एक फोटो पाठवा. आणि उद्या गाडी कुठं नेताय?"

"कुठं म्हणजे? ऑफिसला," ती म्हणाली होती. "पण उद्या जरा उशीर होईल, लांब जायचंय."

लांब! ती स्वतःवरच चिडली. एवढा एक शब्द निसटला होता. रंगवाल्याचं दुकान शहराच्या पार टोकाला. दीर हुशार होता, लहानपणापासून अंगणात हरवलेल्या वस्तू त्यालाच सापडायच्या, असं सासूबाई कौतुकाने सांगत. त्या वस्तू आधी लपवल्या कुणी, हे सासूबाईंनी कधी विचारलं नव्हतं, असा एक विचार तिच्या मनात प्रथमच येऊन गेला.

*

संध्याकाळी दीर घरी आला. तोही हसतमुख. आज सगळ्यांना हसू फुटलं होतं.

नवरा खुर्चीत वाचत बसला होता. तो ग्रंथपाल, सायकलवर कामाला जाणारा, गाडीत बसला की डुलक्या काढणारा. गाडी नावापुरती दोघांची, वापर सगळा तिचा.

"बसा वहिनी, मांडूनच टाकू हे," दीर म्हणाला आणि त्याने पिशवीतून कागद काढले. "साधं आहे. मुख्य प्रश्न एकच. गाडीचा वापर कशासाठी?"

"घर ते ऑफिस," ती म्हणाली.

"फक्त?"

"फक्त."

"मधे कुठं कामानिमित्त वगैरे?"

"मधे सिग्नल लागतात. तिथं थांबते."

नवऱ्याने पुस्तकातून मान न काढता हसून घेतलं. दीर हसला नाही. पेन कागदाच्या वर धरून तिच्याकडे बघत राहिला.

"हे बघा वहिनी, रोज एकाच ठिकाणी जाण्यायेण्याचं कव्हर वेगळं. कामासाठी दहा ठिकाणी फिरत असाल तर त्याचं वेगळं. हप्ता थोडा वाढतो, पण मग गाडी कुठंही असली तरी तुम्ही झाकलेल्या राहता. एक लिहून दुसरं केलं, आणि उद्या काही झालं, तर कंपनी हात वर करते. मग मला शिव्या घालू नका."

"मला माहीत आहे ते," ती म्हणाली.

आणि खरंच तिला ते चांगलंच माहीत होतं, त्याच्याहून जास्त. तिच्या ऑफिसातल्या चष्मेवालीची गाडी एका गोदामाच्या आवारात उभी असताना मागे येणाऱ्या ट्रकने चेपली होती. कंपनीने विचारलं, तुमच्या कागदावर तर घर ते ऑफिस लिहिलंय, मग कामाच्या वेळेत गाडी गोदामात काय करत होती? पैसे मिळाले नाहीत. पत्र्याचा चोळामोळा झालेली ती गाडी अजून तिच्या इमारतीखाली ताडपत्री पांघरून उभी आहे आणि ती बसने येते. "ताई," ती म्हणाली होती, "तुमचा विमा संपतोय ना? या वेळी खरं लिहा बरं का. मी नाही लिहिलं."

खरं लिहायला तिची ना नव्हती. ते या माणसाच्या हातात द्यायला होती. एकदा 'अनेक दुकानं' म्हटलं की पुढचा प्रश्न 'कुठली कुठली?' हाच येणार. ती यादी दिराच्या पिशवीत जाणार, पिशवी त्याच्या घरी, घरी त्याची बायको, बायकोची बहीण रंगवाल्याच्या घरी. एका रात्रीत सगळ्या बाजाराची कपाटं चकाचक. आणि ऑफिसात कळलं तर तिची नोकरी गेली म्हणून समजा.

"अरे, ती दिवसभर ऑफिसातच असते," नवरा म्हणाला. "कधीमधी जाते इकडेतिकडे. लिही ना."

"कधीमधी म्हणजे कुठं, दादा?" दीर म्हणाला. विचारलं नवऱ्याला, पण डोळे तिच्यावर.

त्याला माहीत आहे, ती मनात म्हणाली. आज मी कुठं होते, कुठला डबा उलटा केला, चहा प्यायले की नाही, सगळं माहीत आहे याला.

"भाऊजी, चहा गार होतोय," ती म्हणाली.

दिराने पेनला टोपण लावलं. "घाई नाही. अजून दोन दिवस आहेत. तुम्ही विचार करा." आणि कागद कोरेच्या कोरे परत पिशवीत घातले.

हे तर आणखी विचित्र होतं. सही घ्यायला टपलेला नाही असा विमा एजंट तिने आयुष्यात पाहिला नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या जिन्याखाली उभं राहून तिने दुसऱ्याच एका विमा कंपनीला फोन लावला. परक्या माणसाला नातं नसतं, साडू नसतो. बराच वेळ संगीत वाजल्यावर साखरेच्या पाकातून काढल्यासारखा आवाज आला.

"नमस्कार मॅडम, आपलं मनःपूर्वक स्वागत. गाडीचा वापर वैयक्तिक की व्यावसायिक?"

"समजा, कामासाठी फिरते," ती हळू आवाजात म्हणाली.

"समजा की फिरता, मॅडम?"

"फिरते."

"साधारण कुठल्या भागात?"

"तुम्हाला कशाला हवंय ते?"

"आपल्याला योग्य संरक्षण देता यावं म्हणून, मॅडम. गुणवत्तेसाठी हा संवाद ध्वनिमुद्रित होत आहे."

तिने फोन असा कापला की जणू तो भाजला होता. वर पाहिलं तर जिन्यावर चष्मेवाली उभी.

"ताई, जिन्याखाली कुणाशी बोलताय? काही भानगड आहे का?"

"भानगडच आहे," ती म्हणाली. "विमा काढतेय."

चष्मेवाली तिच्याशेजारी पायरीवर बसली. "दीर आहेत ना तुमचे त्यात? मग परक्यांच्या दारात कशाला?"

तिने डब्याची गोष्ट आणि दिरावरचा संशय सांगितला. दुकानाचं नाव न घेता, साडूचं नातं न उघडता, जेवढं सांगता येईल तेवढंच. चष्मेवाली ऐकून घेतल्यावर म्हणाली, "मग परीक्षा घ्या त्यांची. त्यांना एक ठिकाण मुद्दाम सांगा. फक्त त्यांना. तिथं कपाटं सजलेली दिसली, की धरला चोर."

"आणि सजलेली नसली तर?"

"तर नाही धरला."

ही युक्ती तिला आवडली. मोजण्याजोगी होती.

*

संधीही चालून आली. गाडी जुनी, मागचा एक दिवा फुटलेला, दाराला चीर गेलेली. नव्या विम्याआधी कंपनीचा माणूस गाडी बघून जाणार होता, त्यासाठी दीर ती एक दिवस न्यायची म्हणत होता. साहेबांनी त्या संध्याकाळी नळवाल्याचं दुकान तिच्या कानावर घातलं. तिने ऑफिसच्या दारातूनच दिराला फोन केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने नियम मोडला. म्हणजे साहेबांचा नियम मोडून साहेबांचंच काम करायचं होतं, अशी तिने मनाची समजूत घातली.

"भाऊजी, गाडी आत्ताच ऑफिसातून घेऊन जा. उद्या मी बसनं जाईन. नळवाल्याकडे जायचंय मला, स्टेशनामागे. कुणाला सांगू नका हं."

"मी कुणाला सांगणार, वहिनी?" दीर म्हणाला.

"तेच म्हणते मी."

तो आला, किल्ली घेतली, गाडीभोवती एक चक्कर मारून फुटलेल्या दिव्यापाशी जरा वाकला आणि गेला. बसस्टॉपवर उभी असताना तिला एक चुकचुक लागून राहिली. दर मोजणीच्या आदल्या संध्याकाळी घरी जाताना ती त्या दुकानावरून एक फेरी मारायची. कामाचा भाग म्हणून नाही. तिला गाडी मागे घ्यायला नीट जमत नसे, म्हणून. ड्रायव्हिंग शिकवणारा कंटाळून म्हणाला होता, "बाई, तुम्ही पुढंच जात रहा." तेव्हापासून सरळ नाक घालून गाडी उभी करता येईल अशी जागा आधी हेरून ठेवायची आणि सकाळी थेट तिथेच जाऊन थांबायचं, म्हणजे दुकानदारासमोर हसं होत नाही. आज ती फेरी राहिली. बसला कोण जागा हेरतं, असं म्हणून तिने तो विचार सोडून दिला.

सकाळी बसमधून उतरून ती स्टेशनामागच्या गल्लीत शिरली. आत गेल्यावर सजलेली कपाटं दिसली, तर संध्याकाळी दिराच्या तोंडावर काय म्हणायचं, हे तिने बसमध्ये पाठ केलं होतं. वाक्य चांगलं जमलं होतं. नवऱ्याला काय सांगायचं, ते मात्र जमलं नव्हतं. भावाभावांत कधी आवाज चढलेला तिने ऐकला नव्हता.

नळवाला चप्पल काढून, पाय स्टुलावर टाकून केळं खात होता. तिला बघताच त्याने केळं सालीसकट गल्ल्यात टाकलं.

"तुम्ही?"

"मी," ती म्हणाली. "शिडी कुठाय?"

कपाटांवर धुळीचा थर होता. नळांच्या खोक्यांपैकी कितीतरी उचलताच हाताला हलकी लागली. उघडली तर आत कागदाचे बोळे. बेसिनं तर कागदावर होती तेवढी नव्हतीच. तिच्या नोकरीत इतकी सरळ, इतकी उघडीनागडी चोरी तिने पाहिली नव्हती. कुणी काही झाकायचा प्रयत्नच केला नव्हता.

म्हणजे दिराने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्या पोटात बारीकशी निराशा होती, पाठ केलेलं वाक्य वाया गेल्याची. ती शिडीवरून उतरली तर नळवाला कमरेवर हात ठेवून उभा. चेहऱ्यावर लाज नव्हती, राग होता. फसवणूक झाल्याचा राग.

"बाई, हे बरोबर नाही."

"काय बरोबर नाही?"

"गाडी कुठाय तुमची?"

"गाडीचा काय संबंध?"

"काय संबंध म्हणजे? काल आलीच नाही ती! तुमची ती निळी गाडी, मागचा दिवा फुटलेली. आदल्या दिवशी येते, गल्लीत दोन चकरा मारते, खांबापाशी थांबते, पुन्हा पुढं जाते. मग दुसऱ्या दिवशी तुम्ही. दर वेळी तसंच असतं. काल गाडी फिरकली नाही, म्हणून मी निर्धास्त. आणि आज तुम्ही गाडीशिवायच! ही काय रीत झाली?"

तिने शिडी घट्ट धरली.

"दर वेळी म्हणजे? तुम्ही एकट्यानंच पाहिलीत ना?"

"एकट्यानं कशाला? सगळ्यांना माहीत आहे. ज्याच्या गल्लीत दिसेल तो कळवतो. बाईंची वर्दी आली, म्हणतो. मग ज्याचं कमी असेल त्याला बाकीचे..." आणि इथे आपण काय बोलून बसलो हे नळवाल्याच्या ध्यानात आलं. त्याने गल्ला उघडला, केळं काढलं आणि उरलेलं गपचूप खाऊन टाकलं, म्हणजे तोंड भरलेलं राहावं.

ती एका रिकाम्या खोक्यावर बसली. खोकं तिच्या वजनाने चेपलं. नवऱ्यापासून, मैत्रिणीपासून, देवापासून लपवलेलं गुपित दर वेळी तिनेच निळ्या गाडीत घालून, एक दिवा फुटलेला असताना, पहिल्या गियरमध्ये, बाजारातून मिरवून आणलं होतं.

"पाणी देऊ का बाई?" नळवाल्याने तोंड रिकामं करून विचारलं. त्याला तिची दया आली असावी.

"द्या," ती म्हणाली. "आणि मग बेसिनं मोजू."

*

विम्याचा तो शेवटचा दिवस होता. संध्याकाळी दीर गाडी परत घेऊन आला आणि कागद टेबलावर मांडून बसला. नवरा आजही वाचत होता. तिने चहा आणून ठेवला, पण स्वतः बसली नाही.

"भाऊजी, तुमच्या साडूला माझी गाडी ओळखू येते?"

दिराने कप उचलला होता, तो खाली ठेवला.

"येते," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"बऱ्याच दिवसांपासून. आमच्याकडे जेवायला आला की हसत हसत सांगतो. तुमच्या वहिनी बाजारात फार प्रसिद्ध आहेत म्हणाला. आधी मला वाटलं थट्टा करतोय."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"काय सांगू वहिनी? त्या घरात माझं लग्न झालंय. तुम्हाला सांगावं, तर साडू म्हणणार हा घरभेदी. त्याला गप्प राहा म्हणावं, तर म्हणणार वहिनीला फितूर. मला दोन्हीकडे जेवायला बसायचं असतं." त्याने कपाळ चोळलं. "म्हणून सारखं विचारत होतो, फक्त घर ते ऑफिस का, मधे कुठं जाता का. म्हटलं, तुमच्याच तोंडून आलं तर बरं. पण तुम्ही माझ्याकडे असं बघत होतात, जणू मी कपबशी घेऊन पळणार आहे."

"मला वाटलं, तुम्हीच सांगता त्यांना."

"ते कळलं मला. नळवाल्याचं नाव तुम्ही सांगितलंत, तेव्हाच कळलं."

आता नवऱ्याने पुस्तक मिटलं होतं. "हे काय चाललंय?" तो म्हणाला. "साडू काय, नळवाला काय? मला कुणी सांगेल का?"

कुणी सांगितलं नाही.

"तुमच्या साडूचा एक डबा मी कागदावर घेतलाय," ती दिराला म्हणाली. "तो खोडणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

"खोडा, असं मी म्हटलं नाही."

"म्हणाला असतात तर?"

"तर तुम्ही मला चहासुद्धा दिला नसता." दिराने कप पुन्हा उचलला. "साडू आता काही दिवस जेवायला यायचा नाही आमच्याकडे. तेवढाच स्वयंपाक कमी."

मग त्याने पेनचं टोपण काढलं. "आज तारीख संपते, वहिनी. उद्या सकाळी तुम्ही गाडी काढलीत की रस्त्यावर उघड्या. काय लिहू?"

तिने खुर्ची ओढली. इथपर्यंत येऊनसुद्धा तिला ते जड जात होतं. दीर चोर नव्हता, हे सिद्ध झालं होतं. पण तो गप्प बसू शकतो, महिनोन् महिने, हसतमुखाने, हेही आजच सिद्ध झालं होतं. आज साडूसाठी गप्प बसला, उद्या कुणासाठी बसेल?

"यादी मी देणार नाही," ती म्हणाली. "दुकानांची नावं तुम्हाला काय, कंपनीच्या मालकालाही मिळणार नाहीत."

"नावं कोण मागतंय?" दीर म्हणाला.

"म्हणजे?"

"वहिनी, नावांचा रकानाच नाहीये इथं. एकाच ठिकाणी जाता की अनेक ठिकाणी, एवढंच विचारतात. गाडीत विकायचा माल नेता का, भाड्यानं माणसं बसवता का, आणि दुसरं कुणी चालवतं का. झालं."

तिने कागद स्वतःकडे ओढला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. मग उलटून मागची बाजू वाचली. बारीक अक्षरं चष्मा नाकावर सरकवून वाचली. नावांचा रकाना खरोखरच नव्हता. तिने पुन्हा एकदा शोधला.

"अनेक ठिकाणी," ती अखेर म्हणाली.

दीर लिहू लागला. "रोज?"

"रोज."

"माल?"

"एक खडू."

"खडू माल नाही. दुसरं कुणी चालवतं?"

"माझ्या ऑफिसातली एक मुलगी. तिची गाडी बंद पडून आहे. यापुढे कधी मी चालवीन, कधी ती." हे तिने चष्मेवालीला अजून विचारलंही नव्हतं.

"तिचंही नाव घालू. ते मात्र लागेल. शहराबाहेर?"

तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. "आठवड्यातून दोन-तीनदा. धरणाकडच्या रस्त्यानं. कधी त्याच्या पुढेही."

"धरणाच्या पुढं?" नवरा म्हणाला. "तिथं तर काहीच नाही. तू तिथपर्यंत जातेस?"

"जाते."

"एकटी?"

"एकटीच. अहो, फरशांची गोदामं आहेत तिथं."

नवरा उठून टेबलापाशी आला, भावाच्या खांद्यावरून कागदावर वाकला. इतकी वर्षं कपाटातली पुस्तकं नीट लावत आलेला माणूस, आपल्याच बायकोचा दिवस कसा जातो हे आज भावाच्या अक्षरात वाचत होता. त्याचं बोट एकेका ओळीवरून खाली सरकत गेलं आणि एका रिकाम्या चौकटीवर थांबलं.

"हे काय आहे रे?"

"ते जादाचं आहे, दादा. वाटेत गाडी बंद पडली तर कंपनीचा माणूस येतो, दुरुस्त करतो, नाही झाली तर उचलून आणतो. फारसं कुणी घेत नाही."

"घाल ते," नवरा म्हणाला.

"त्यानं हप्ता वाढेल," ती म्हणाली.

"वाढू दे." त्याने स्वतःच पेन घेतलं आणि त्या चौकटीत खूण केली. जरा जोर देऊनच केली. "तो माणूस रात्रीबेरात्रीही येतो ना? खात्रीनं? की नुसतं लिहिलंय?"

"येतो दादा."

"कुणी सांगितलं? तू बोलावून बघितलंयस कधी?"

दीर गोंधळला. नवऱ्याने कागद उचलून दिव्याखाली धरला आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरं पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली. त्याचा तो संशयी चेहरा तिने आजवर कधी पाहिला नव्हता. ती त्याच्याकडे पाहत राहिली आणि मग स्वतःचा चष्मा काढून तिने त्याच्या हातात ठेवला.